दोघांपुरती राहुटी



आषाढीची वारी पायी करणाऱ्याला राहुटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भिजलेल्या कापडाचा वास, पायाला लागलेले दुसऱ्याचे पाय, उशाशी कुणाचे तरी बोचके आणि मध्यरात्री कानावर पडणारे "माउली, जरा सरका". हे सगळे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे. पण अलीकडे तळावर एक नवी वस्तू दिसू लागली आहे. निळ्या-हिरव्या कापडाचे, जेमतेम कमरेइतके उंच, घुमटासारखे छोटे तंबू. डोंगर चढणारी मुले पाठीवर टाकून नेतात तेच. त्यांतला एक माझा आहे.

सत्तरी उलटलेल्या, फडावरून उतरलेल्या कीर्तनकाराने असला तंबू बाळगावा, याचे अनेकांना नवल वाटते. नवल वाटायला हरकत नाही. पण त्या नवलामागचा प्रश्न मोलाचा आहे. ज्या वारीत 'मी' आणि 'माझे' विरघळावे म्हणून आपण जातो, तिथे चेन ओढून बंद होणारी स्वतःची खोली न्यावी काय? याच प्रश्नावर तुमच्याशी दोन शब्द बोलतो.

आधी कारण सांगितले पाहिजे. आमच्या सौ. चाळीस वर्षांहून अधिक काळ माझ्याबरोबर वारीला येतात. त्यांना मधुमेह आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तातली साखर कधी कधी रात्री एकदम उतरते. दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. माणूस शुद्धीवर आहे तोवर साखर किंवा गुळाचे पाणी पोटात गेले तर सावरतो. उशीर झाला तर प्रसंग जिवावर बेततो. आता दिंडीची रीत तुम्ही जाणता. बायकांची राहुटी वेगळी, पुरुषांची वेगळी. दिवसभर चाललेल्या बाया पडल्या पडल्या गाढ झोपतात. शेजारणीचा हात थरथरतो आहे हे कुणाला कळणार? २०१९च्या वारीत एका पहाटे त्या घामाने भिजलेल्या सापडल्या. पांडुरंगाने राखले. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "यांना रात्री एकटे ठेवू नका."

पुढे २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी वारीच झाली नाही. पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या आणि आपण सगळे घरी बसून डोळे पुसत राहिलो. २०२२ साली वाट मोकळी झाली, तेव्हा आमच्यापुढे दोनच मार्ग होते. सौ.नी घरी राहावे, किंवा रात्री त्यांच्या हाताशी मला झोपता येईल अशी काही सोय व्हावी. "तुम्ही जा, मी गावच्या देवळातून दर्शन घेईन," असे त्या म्हणाल्या. ते म्हणताना त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते. डोंगर हिंडणारा आमचा नातू हे ऐकत होता. आठ दिवसांनी त्याने एक गुंडाळी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. "आजोबा, ही तुमची राहुटी. दोघांपुरती."

आता ती वस्तू कशी आहे ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल. वजन सव्वादोन किलो. गुंडाळी पखवाजाहून लहान. आत जाळीची खोली, तिच्यावर पाणी अडवणारे कापड, आणि दोन्ही तोलून धरणाऱ्या दोन लवचिक काठ्या. काठ्यांचे हात-हातभर तुकडे रबरी दोरीत ओवलेले असतात. एकात एक बसवले की लांब काठी होते आणि दोन काठ्या एकमेकींना छेद देऊन वाकवल्या की घुमट उभा राहतो. तळ सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. मधली उंची साडेतीन फूट. आत शिरायचे तर गुडघे टेकून, मान लववूनच. तेवढा नम्रपणा वस्तू स्वतःच शिकवते.

आमचे पावणे गाव ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मधे औद्योगिक वसाहतीचे कारखाने. मेख ठोकावी अशी मोकळी माती जवळपास उरलेली नाही. म्हणून तंबूची परीक्षा गच्चीवर घेतली. मेखांच्या जागी विटा ठेवल्या, विटांना तणावे बांधले आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही दोघे आत जाऊन झोपलो. शेजारच्या गच्चीवरून लेकरे हसत होती. वरच्या कापडातून एक थेंब आला नाही. तरी पहाटे जागे होऊन पाहतो तो आतून सगळे ओले! पांघरूण ओले, उशी ओली.

नातवाला विचारले. तो म्हणाला, "आजोबा, हे पावसाचे पाणी नाही. तुमच्या दोघांच्या श्वासाची वाफ आहे. तुम्ही वाऱ्याची खिडकी आणि दार, दोन्ही घट्ट लावून घेतले. वाफेला वाट मिळाली नाही. ती गार कापडाला लागून पाणी झाली आणि तुमच्यावरच पडली."

माउली, आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत मी विद्यार्थी होतो. जोग महाराजांनी १९१७ साली लावलेले ते झाड. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनात अहंकारावर निरूपण केले. पण इतका नेमका दृष्टांत मला कधी सुचला नव्हता. बाहेरच्या पावसाने भिजू नये म्हणून माणूस सगळी दारे लावून घेतो आणि स्वतःच्याच श्वासाने भिजतो. पूर्ण बंद केलेला तंबू कोरडा राहत नाही. कोरडे राहायचे असेल तर थोडे उघडे राहावे लागते.

हे गाठीशी बांधून मी दिंडीचालकांकडे गेलो. वयाने ते माझ्याहून लहान, पण दिंडीत शब्द त्यांचा. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बुवा, माईंची अडचण कळते. पण आज तुमचा एक तंबू, उद्या पंधरा. मग दिंडी कुठे राहिली? ती नुसती शेजार-शेजार झोपलेल्या बिऱ्हाडांची रांग होईल."

माउली, त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. साधा हिशेब करून पाहा. आमच्या दिंडीची राहुटी पंधरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. तिच्यात पंधरा माणसे झोपतात, म्हणजे माणशी पंधरा चौरस फूट जागा. माझा तंबू तणाव्यांसकट आठ बाय आठ फुटांची जागा खातो. ती झाली चौसष्ट चौरस फूट, आणि माणसे दोन. माणशी बत्तीस. दुपटीहून जास्त! तळावरची जमीन वाढत नाही. पंढरीला चंद्रभागेच्या पैलतीरी पासष्ट एकरांवर दिंड्यांची सोय केली आहे, पण तिथेही जागा मोजूनच मिळते. ज्याला त्याला आपापला घुमट हवा झाला, तर मागून येणाऱ्या गरीब दिंडीने राहुटी कुठे ठोकावी? वारीतला एकांत फुकट नसतो. त्याची किंमत दुसऱ्याच्या अंथरुणातून जाते.

म्हणून तंबू वाईट म्हणावा, तर तेही बरोबर नाही. वाटेत प्रत्यक्ष माउलींच्या पादुका कुठे विसावतात? तंबूतच. १८३२च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले आणि तंबूही दिला. ती सेवा त्यांच्या घराण्याने आजवर चालवली आहे. पण माउलींचा तंबू आणि आपला तंबू यांत अंतर आहे. माउलींचा तंबू तळाच्या मध्यावर असतो. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या त्याच्याभोवती उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंचावला की लाखो माणसे निःशब्द होतात. हरवले-सापडले पुकारले जाते. कुणा दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते आणि तिचे ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. त्या तंबूला दार आहे, पण ते सगळ्यांकडे तोंड करून आहे.

दिंडीचालकांना मी एक कथा सांगितली. ती आपल्या प्रांतातली नाही, दक्षिणेतल्या आळवार संतांची आहे. तमिळ देशात तिरुक्कोवलूर नावाचे क्षेत्र आहे. तिथे एका वादळी रात्री पोयगै आळवार पावसापासून आडोसा शोधत एका घराच्या अरुंद देहलीत शिरले आणि आडवे झाले. थोड्या वेळाने भूतत्ताळवार आले आणि जागा मागू लागले. पोयगै म्हणाले, "इथे एकाला निजता येते, दोघांना बसता येते. या." दोघे बसून राहिले. मग पेयाळवार आले. दोघे म्हणाले, "दोघांना बसता येते, तिघांना उभे राहता येते. या." तिघे अंधारात उभे राहिले आणि हरिगुण गाऊ लागले. इतक्यात तिघांनाही वाटले की गर्दी वाढली, कुणी चौथा आपल्याला रेटतो आहे. अंधारात दिसेना. मग त्यांच्या भक्तीचाच दिवा झाला, आणि पाहतात तो चौथा साक्षात नारायण.

दिंडीचालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "न्या तंबू. पण तो दिंडीच्या वळणात लावायचा, बाहेर नाही. दार विण्याच्या राहुटीकडे. हरिपाठ, पंगत, काकडा सगळ्यांबरोबर. आणि अडलेला कुणी आला तर दोघांपुरता आहे असे म्हणायचे नाही." चारही अटी मी मान्य केल्या. आमची २०२२ची वारी त्या दोघांपुरत्या राहुटीने घडवली. वाटेत दोनदा रात्री सौ.चा हात थंड लागला, दोनदा साखर तोंडात घातली, आणि सकाळी त्या पुन्हा तुळस डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांना झेपेल तेवढे चालणे, उरलेले दिंडीच्या ट्रकमध्ये. पण कळसाचे दर्शन झाले.

चौथ्या अटीची परीक्षा पुढच्या एका वारीत झाली. नीरा ओलांडल्यानंतरचा तळ होता. जमीन काळी, पाऊस दिवसभर. रात्री वारा सुटला आणि बायकांच्या राहुटीच्या एका बाजूच्या मेखा चिखलातून सटासट निघाल्या. अर्धी राहुटी खाली बसली. कुणाला इजा झाली नाही, पण अंथरुणे चिंब झाली. सौ.नी तंबूचे दार उघडून कंदील बाहेर धरला आणि हाका मारल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या अशा चौघी आत आल्या. मी बाहेर पडलो आणि ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली जाऊन बसलो. निजायला दोघांची जागा, तिथे पाच जणी गुडघे पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत बसल्या. तिकडून ओव्यांचा आवाज येत होता. आधी पाच आवाज. मग मोडक्या राहुटीखालच्या बायांनीही सूर धरला. मी किती आवाज मोजणार? मी मोजणे सोडून दिले.

सकाळी एका आजींनी मला विचारले, "महाराज, रात्री आत आम्ही पाचच होतो ना? मला तर मागून कुणीतरी सारखे सावरून धरत होते." मी काय सांगणार? कापडाच्या ताणाने पाठीला आधार मिळतो, असे नातू सांगेल. त्याचेही खरे असेल. मी आजींच्या पाया पडलो.

आता ज्यांच्या घरी आमच्यासारखी अडचण आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक मेखा काळ्या मातीत टिकत नाहीत. वीतभर तरी लांब मेखा घ्या आणि त्यांचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले ठेवून ठोका. ओघळीच्या वाटेवर तंबू लावू नका. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे अंधारात कुणी अडखळणार नाही. आत चूल, दिवा, उदबत्ती काहीही पेटवू नका. ते कापड क्षणात वितळते. वाऱ्याच्या खिडक्या पावसातही उघड्या ठेवा. पहाटे तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, तर दुपारच्या विसाव्याला तो उलगडून वाळवा. घरी आल्यावर पुरता सुकवून सैल सुती पिशवीत ठेवा. आमच्या पावण्यासारख्या दमट हवेत ओला राहिला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो आणि पुढच्या वर्षी तंबू गळतो.

आणि ज्यांना अशी अडचण नाही त्यांना हात जोडून सांगतो: तरुण आहात, पाय धड आहेत, तर राहुटीतच झोपा. तिथे कुणाचा तरी पाय लागेल, कुणी घोरेल, कुणी रात्री तीनदा उठेल. तो पाय लागणे हाच वारीचा प्रसाद आहे. कधी देहच इतका अडला की वेगळा आडोसा घ्यावा लागला, तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याचे दार कुणीकडे आहे ते पाहा, आणि रात्री थोडे उघडे ठेवा.

पुंडलिकाच्या भेटीला आलेला परब्रह्म अजून विटेवर उभाच आहे. त्याला अद्याप कुणी आत बोलावले नाही. न जाणो, आपल्याच दारी येईल.

राम कृष्ण हरि.