डबलसीट

मोटारसायकलवरची माझी पहिली जागा पेट्रोलच्या टाकीवर होती. अण्णा माण तालुक्यातल्या दहिवडीजवळच्या एका शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्याकडे राजदूत होती, 175 सीसीची, टू-स्ट्रोक. सकाळी किक मारली की निळसर धूर अंगणभर पसरायचा आणि गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची. टाकीवर मी, मग अण्णा, त्यांच्या पाठीला चिकटून धाकटा भाऊ आणि सगळ्यात शेवटी आई, एका अंगानं बसलेली, उजवा हात अण्णांच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला आम्ही असेच जायचो. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस बांधावा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या पुढे नेऊ नये, असा नियम 2022 मध्ये निघाला. तेव्हा अण्णांचे दोन कोपर हाच माझा हार्नेस होता.

त्या राजदूतची सीट मला अजून हाताला जाणवते. लांब, रुंद, टाकीपासून मागच्या दिव्यापर्यंत जवळजवळ एकाच पातळीतली. मालक कुठे बसतो आणि पाहुणा कुठे, हे सीट बघून सांगता यायचं नाही. त्या गाडीचं मूळ पोलंडमधलं, एसएचएल नावाच्या मोटारसायकलचं. पण मागच्या चाकाशेजारची साडीगार्डची जाळी आणि तिच्या खालची पाय टेकायची पट्टी ही इथल्या बायकांच्या बसण्यानं गाडीत घातलेली भर. आईची चप्पल त्या पट्टीवर इतकी वर्षं टेकली होती, की मधला रंग जाऊन तिथला पत्रा चकचकीत झाला होता.

जाळीची किंमत मला कळली ती सातवीत असताना. चुलतभावानं त्याच्या गाडीचं साडीगार्ड काढून ठेवलं होतं. गाडी त्याशिवाय 'भारी' दिसते म्हणून. काकूला बाजारातून आणताना तिचा पदर वाऱ्यानं सुटला आणि चाकाच्या तारांत गेला. पदर गुंडाळत गेला आणि काकू मागच्या मागे रस्त्यावर आपटली. खांदा निखळला. गाडी पुढे पाच-सात फुटांवर थांबली, आणि चाकात अडकलेली ती हिरवी साडी आम्ही नंतर कात्रीनं कापून काढली. त्यानंतर काकू आयुष्यात पुन्हा मोटारसायकलवर बसली नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 क्रमांकाचा नियम आहे. मागे माणूस बसणार असेल तर त्याला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा. मोठेपणी तो नियम मी वाचला तेव्हा मला काकूच दिसली. मागे बसणाऱ्या माणसाचा कुणीतरी नीट विचार केल्याचा माझ्या पाहण्यातला तो पहिला कागद.

आपण 'डबलसीट' हा शब्द किती सहज वापरतो. 'दोघं डबलसीट गेलो', 'मला चौकापर्यंत डबलसीट सोड.' शब्दात दोघं शेजारी शेजारी, बरोबरीनं बसलेली आहेत. लग्नानंतर आमच्याकडे नवी गाडी आली तेव्हा ती बरोबरी मोडल्याचं मला शरीरानंच सांगितलं. पुढची सीट खोलगट, मऊ. मागची वेगळी, चार-पाच इंच उंच, तळहाताहून थोडीशीच मोठी आणि पुढे उतरती. शेपूट वर उचललेली गाडी उभी असताना देखणी दिसायची, यात शंका नाही. नवरा शोरूममध्ये बसून बघत होता. मी बाजूला उभी राहून रंग निवडत होते. मागे बसून बघावं हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नाही, आणि विकणाऱ्यानंही ते सुचवलं नाही.

गरोदरपणात सातव्या महिन्यापर्यंत मी त्या सीटवरून दवाखान्यात गेले. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मला तोंडपाठ झाला होता. तो यायच्या आधी मी फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठायची, दोन्ही हात नवऱ्याच्या कमरेला, श्वास धरलेला. तो कळवळून गाडी हळू करायचा. त्याचा काही दोष नव्हता.

मागच्याला खड्डा जास्त का लागतो, याचा तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला आहे. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो. कुठलंही एक चाक उसळलं तर त्या उसळीचा काही भागच त्याच्यापर्यंत पोचतो. मागचा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर असतो. त्या चाकाचा धक्का बराचसा त्याच्याच वाट्याला येतो. काही गाड्यांची मागची फूटरेस्ट तर थेट चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्विंगआर्मवरच बसवलेली असते. म्हणजे सीटखाली शॉकअप आहे, पण पावलाखाली नाही. चाकाबरोबर पाऊल नाचतं आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात. हीच फूटरेस्ट चासीवर घेतली की त्रास निम्मा होतो. शिवाय चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो हँडल घट्ट धरतो, अंग सावरतो. मागच्याला दिसते ती पुढच्याची पाठ.

आणि मागच्याचा त्रास मागेच राहत नाही. सीट पुढे उतरती असली की ब्रेक लागताच मागचा माणूस घसरत पुढच्याच्या पाठीवर येतो, त्याचं ओझं पुढच्याच्या मनगटांवर जातं. पुणे-सातारा केल्यावर 'हात भरून आले' म्हणणाऱ्यांनी कधी मागच्या सीटचा उतार बघावा. हे मला कळलं ते मी स्वतः चालवायला लागल्यावर. बेचाळिसाव्या वर्षी मी माझी स्वतःची मोटारसायकल घेतली. राजदूतवर गिअर टाकायला अण्णांनीच शिकवलं होतं, त्यामुळे भीती नव्हती. पण मीही गाडी पुढे बसूनच निवडली. इतकं सोसून मीही तीच चूक केली.

ती चूक उघडी पडली अण्णांमुळे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडे राहायला आले. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले, "अगं, तुझी गाडी आहे की. मी डबलसीट येतो." मी मेन स्टँडवर गाडी लावली. अण्णांनी उजवा पाय उचलला, सीटच्या उंचीला पोचला नाही, खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिसऱ्या वेळी माझ्या खांद्याला धरून हसले आणि म्हणाले, "राहू दे." मला टाकीवर बसवून माण तालुका पालथा घालणारा माणूस माझ्या गाडीवर बसू शकत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नाना पेठ गाठली. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची रांगच्या रांग दुकानं आहेत, त्यातच एका बोळात सीट बनवणारा कुशनवाला बसतो. मी माझी उंची सांगायला लागले तर त्यानं हातानं थांबवलं. "ताई, चालवतं कोण ते नको. मागं कोण बसतं?" म्हणाला, "त्यांना घेऊन या." रिक्षानं अण्णांना आणलं. त्यानं आणि त्याच्या पोरानं त्यांना दोन्ही बाजूंनी आधार देऊन बसवलं, मांडीखाली अंगठा दाबून पाहिला, विचारलं, "बाबा, इथं रुततंय का? की इथं?" खडूनं खुणा केल्या. मग रेक्झिन उसवलं, लांब पात्याच्या सुरीनं मागचा फोम दोन बोटं उतरवला, पुढचा उतार भरून काढून सीट सपाट केली, दोन्ही कडांना फोमच्या पट्ट्या चिकटवून बसायची जागा रुंद केली. वर नवं रेक्झिन, खालून पिना. काम दोन-अडीच तासांचं. तिथून पुढच्या गॅरेजमध्ये शॉकअपच्या खाचांची रिंग आकडीच्या पान्यानं फिरवून घेतली. मागे माणूस असताना स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते तिच्यावर ठरतं. तो पाना टूलकिटमध्येच होता. टूलकिटची पिशवी मी कधी उघडली नव्हती.

महागड्या टूरिंग गाड्यांना हीच रिंग हातानं फिरवायच्या नॉबवर असते. साध्या गाडीला तो नॉब का नसावा? डबलसीट तर साध्याच गाड्यांवर जास्त बसतात. मागच्याला धरायची मूठ त्याच्या हाताशी, मांडीच्या बाजूला का नसावी? ती बहुतेकदा पाठीमागे, खांदा पिरगाळून धरावी लागेल अशी असते. एका अंगानं बसणाऱ्या बाईला पाऊलभर रुंद, रबर लावलेली पट्टी का मिळू नये? माहितीपत्रकात पुढच्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापतात, साधारण 780 ते 800 च्या घरात. मागच्या सीटची उंची मी तरी कुठल्या पत्रकात पाहिलेली नाही.

मी राहते त्या पुण्याच्या आसपास, आकुर्डीत आणि चाकणला, दुचाकी घडतात. वाहनांच्या चाचण्या घेणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्थाही इथेच, वेताळ टेकडीवर आहे. इथल्या इंजिनिअरांच्या हुशारीवर माझा विश्वास आहे. त्यांनी नव्या गाडीचं चित्र काढताना कागदावर आधी मागचा माणूस बसवावा: गुडघे दुखणारा, साडी नेसलेली, पोटुशी असलेली, मांडीवर पिशवी घेतलेली. पुढच्याला जागा मिळेलच.

अण्णा आता आठवड्यातून तीनदा माझ्या मागे बसतात. पाय टाकायला एक लाकडी चौरंग गेटजवळ कायमचा ठेवला आहे. गतिरोधक आला की मी मान न वळवता "अण्णा, उंचवटा" म्हणते आणि त्यांचे हात माझ्या खांद्यांवर घट्ट होतात.

गाडी घ्यायला जाल तेव्हा मागे बसणाऱ्याला बरोबर न्या. उभ्या गाडीवर नको. टेस्ट राइडला मागे बसवा, एका गतिरोधकावरून गाडी न्या आणि मग त्यालाच विचारा.