हेदवीची वाट आणि दुकानाची पायरी

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. टेकडीवरील दशभुज लक्ष्मी-गणेशाचे पेशवेकालीन मंदिर ही पहिली आणि समुद्रकाठच्या खडकातील बामणघळ ही दुसरी. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे निघालेल्या सायकलस्वारांच्या वाटेवर हे गाव येते. या स्वारांपैकी काही केवळ हौसेने निघतात, तर काही दिव्यांग बांधवांच्या मदतीसाठी निधी उभारण्याचा संकल्प करून. ज्यांच्यासाठी निधी जमवायचा, तेच जेव्हा सायकलवर सोबत असतात, तेव्हा त्या प्रवासाला निराळाच अर्थ येतो.

आपल्या देशात अशा उपक्रमांची परंपरा आता रुजली आहे. हैदराबादचे आदित्य मेहता हे व्यवसायात रमलेले तरुण. रस्त्यावरील अपघातात त्यांनी एक पाय गमावला. पुढे ते सायकलकडे वळले आणि आशियाई पातळीवरील दिव्यांगांच्या सायकल स्पर्धेत त्यांनी पदके मिळवली. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या वतीने दिव्यांग खेळाडूंसाठी सायकलयात्रा काढल्या जातात. 2020 साली अशी एक यात्रा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेली. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुण वयातच काचबिंदूमुळे गेली. त्यांच्या ‘अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ या संस्थेने डोळस आणि दृष्टिहीन व्यक्तींना एकाच सायकलवर बसवून हिमालयातील मनाली ते खारदुंगला हा कठीण मार्ग पार करून दाखवला.

अशा सायकलला टँडम म्हणतात. तिला दोन बैठका आणि दोन पॅडलजोड्या असतात, पण हँडल फिरते ते पुढचेच. दिशा, ब्रेक आणि गिअर पुढच्या स्वाराच्या हाती. मागच्याकडे फक्त पायांचे बळ. दोन्ही पॅडले एका साखळीने जोडलेली असल्यामुळे एक थांबला तर दुसऱ्यालाही थांबावे लागते. पुढच्याने खड्डा, वळण, उतार आधीच सांगायचा आणि मागच्याने त्याच्या शब्दावर विसंबून जोर लावायचा. चढावर दोघांचे वजन सायकलला मागे ओढते, तेव्हा मागच्या स्वाराच्या पायांवाचून पुढच्याची धडगत नसते. कोण कोणाला मदत करीत आहे, हा प्रश्न तेथे उरत नाही.

या वाटेवरील एका दिवसाचा आरंभ दाभोळच्या धक्क्यावर होतो. वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट उभी असते. बोटीच्या तोंडाशी असलेली लोखंडी फळी खाली येते आणि ट्रक, मोटार, दुचाकी, टँडम, हाताने चालवायची तीनचाकी सायकल, सारे एकाच उतारावरून आत जातात. पायात बळ नसलेल्या स्वाराला उचलून घेण्यासाठी येथे कोणाला हाक मारावी लागत नाही. पलीकडे धोपावे येते आणि तेथून रस्ता गुहागरकडे वळतो.

गुहागरपासून हेदवी पंचवीसेक किलोमीटर. नकाशावर हे अंतर अल्प दिसते, परंतु कोकणातील रस्ता किलोमीटरांत मोजता येत नाही. प्रत्येक गाव समुद्राच्या पातळीवर, नारळी-पोफळीच्या सावलीत वसलेले, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा. मोडकाआगर, पालशेत, अडूर, वेळणेश्वर अशी नावे मागे पडत जातात आणि दर वेळी चढ चढून पुन्हा उतरावे लागते. दृष्टिहीन स्वाराला हा भूगोल निराळ्या रीतीने कळतो. सड्यावर ऊन थेट अंगावर येते आणि वारा मोकळा वाहतो. उतार लागला की हवा गार होते, ओलसर पालापाचोळ्याचा वास येतो, कोंबडा आरवतो, आणि पुढच्याने सांगण्याआधीच गाव जवळ आल्याचे मागच्याला उमगते.

हेदवीत पोहोचेपर्यंत दुपार कलू लागते. दशभुज गणेशाची मूर्ती पांढऱ्या पाषाणाची असून ती काश्मीरहून आणली असे सांगतात. दहा हातांची गणेशमूर्ती कोकणात विरळाच. टेकडीवर गर्द झाडी आहे, शांतता आहे. वाहनासाठी रस्ताही आहे. मात्र जुन्या मंदिरांत पायऱ्या आणि उंबरठे असायचेच. चाकाच्या खुर्चीतील यात्रेकरूला तेथे चार जणांनी उचलून न्यावे लागते. उचलणाऱ्यांचा भाव भक्तीचाच असतो, तरी उचलला जाणारा मनुष्य त्या क्षणी संकोचतो. देवाच्या दारी आपल्या मर्जीने, आपल्या वेळी जावे, एवढीच त्याची इच्छा असते.

संध्याकाळी भरतीची वेळ साधली तर बामणघळ पाहावी. किनाऱ्यावरील उमामहेश्वराच्या मंदिराजवळून खडकांवर चालत तेथे जाता येते. काळ्या कातळात एक अरुंद, खोल भेग आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली की पाणी कोंडले जाते आणि उसळून उंच फवारा उडतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून वेळ गावातच विचारून घेणे उत्तम. खडक निसरडे असतात, कडेला जाणे धोक्याचे. येथे डोळसांचे लक्ष फवाऱ्याकडे लागलेले असते. दृष्टिहीन पाहुण्याला मात्र आधी पायाखालच्या दगडाचा हादरा जाणवतो, मग घळीच्या पोटातून आलेला घुमारा ऐकू येतो आणि शेवटी तोंडावर खारे तुषार पडतात. फवारा दिसण्याआधी तो येणार हे त्याला कळलेले असते. एखादे स्थळ पाहण्याच्या किती रीती असतात, हे हेदवीच्या कातळावर समजते.

मुक्काम बहुधा एखाद्या घरगुती निवासात. कोकम सरबत, घावन, नारळाची चटणी, वेळ असेल तर उकडीचे मोदक. पहाटे निघायचे असल्याने जेवण दिवस मावळण्यापूर्वीच उरकले जाते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना हा दिनक्रम ओळखीचा वाटेल. घर जुने असेल तर अंगणातून ओटीवर दोन-तीन पायऱ्या आणि न्हाणीघराला उंच उंबरा. अशा वेळी यजमानाने गोठ्यामागची एखादी रुंद फळी आणून पायरीवर टेकवली, तर रात्रीचा प्रश्न सुटतो. त्या फळीला पैसे पडत नाहीत. ती आठवावी मात्र लागते.

निधीचे मोल कमी नाही. जयपूर येथे 1975 साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ या समितीने असंख्य गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. तो पाय लावून मांडी घालून बसता येते, शेतात अनवाणी चालता येते. या कार्यामागे व्यापारी समाजाच्या दानाचा मोठा वाटा आहे आणि तो अभिमानाचाच विषय आहे. पण नवा पाय किंवा चाकाची खुर्ची मिळालेला मनुष्य पुढे जातो कोठे? तो बाजारात येतो, दवाखान्यात जातो, मंदिरात जातो, लग्नाला जातो. तेथे त्याची वाट अडली, तर दान अर्ध्यावरच थांबले म्हणायचे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात हा हक्क मानला. कायदा आपले काम करील. परंतु बाजारपेठेतील बहुतेक दारे खासगी असतात, आणि ती उघडणारे हात व्यापाऱ्यांचे असतात.

सकाळी दुकान उघडताना पायरीला हात लावून तो कपाळी नेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या पायरीनेच घर चालवले. तीच पायरी चाकाच्या खुर्चीतील गिऱ्हाईकाला रस्त्यावरून हाक मारायला लावते आणि मालकाला माल बाहेर नेऊन दाखवावा लागतो. उताराचा हिशोब सोपा आहे. उंचीच्या बारा पट लांबी ठेवावी, म्हणजे 6 इंचांच्या पायरीला 6 फुटांचा उतार पुरतो. जागा नसेल तेथे उचलून ठेवता येणारी लोखंडी किंवा लाकडी फळी चालते. ती लांबीला कमी पडली तर मागून एका माणसाचा आधार लागतो, एवढेच. घरातील वृद्धांना, बाळाच्या गाडीला आणि मालाच्या हातगाडीलाही तिचा उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी हेदवीहून निघालेले स्वार तवसाळला पोहोचतात. समोर शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. बोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी खाली येते आणि साऱ्यांची चाके एकाच वाटेने आत जातात. बोटवाल्याने ती फळी कोणावर उपकार म्हणून बसवलेली नाही. तिच्यावाचून त्याचा व्यवसायच चालत नाही. हा व्यवहार व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानाची पायरी मोजायला मात्र एक टेप पुरे.