शेगडीमागची भिंत

शेतीखात्यातल्या माणसाने बियाण्यावर बोलावे, खतावर बोलावे, स्वयंपाकघरात नाक खुपसू नये, असे पुष्कळांचे मत असते. पण तीस वर्षे गावोगाव हिंडताना चहा मी बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसूनच प्यायलो आहे, आणि चुलीमागची काळी भिंत घरोघर पाहिली आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली, धूर कमी झाला. भिंत मात्र पांढरी झाली नाही. आता तिच्यावर फोडणीचे तेल उडते. तेलाचे बारीक थेंब उष्णतेने आणि हवेने व्हार्निशसारखे घट्ट होतात, त्यावर धूळ बसते, आणि वर्षभरात भिंतीला चिकट साल येते. मातीविटांच्या भिंतीला ती नुसती कुरूप दिसते. लाकडाच्या किंवा कुडाच्या भिंतीला मात्र ती धोक्याची.

हे मला नीट उमगले ते मुंबईत. माझी मोठी मावसबहीण ठाकूरद्वारला चाळीत राहते. दहा बाय बाराची खोली, तिच्यातच मोरी, तिच्यातच ओटा. ताई रोज पंधरा डबे करून देते, त्यावर घर चालते. गिरगावातल्या जुन्या चाळींत दोन बिऱ्हाडांमधली भिंत पुष्कळदा विटांची नसते. लाकडी चौकट, फळ्या आणि वरून गिलावा, एवढेच. ताईच्या ओट्यामागे अशीच भिंत आहे, आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईची खाट.

२०२३ च्या दिवाळीआधी ताईने त्या भिंतीवर चकचकीत चिकट कागद लावला. वरून चंदेरी, आत प्लास्टिक. स्वस्त, लावायला सोपा, दिसायला देखणा. चकल्यांची कढई दोन तास चढली, तशी कागदाची कड सुटली, वळली आणि खाली ज्योतीवर आली. दाजी घरात होते म्हणून बरे. त्यांनी गॅस बंद केला आणि ओल्या फडक्याने कागद दाबून धरला. फळी वीतभर काळी झाली. पलीकडच्या आजी घाबरून जिन्यापर्यंत गेल्या होत्या. शेजारी चार दिवस बोलले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मग करायचे काय? फरशा लावायला घरमालकाची परवानगी नव्हती, आणि लाकडावर सिमेंट धरतही नाही. दाजी पायी गुलालवाडीत, कीका स्ट्रीटला गेले. स्टीलच्या पत्र्यांचा तो जुना बाजार. चार फूट रुंद, अडीच फूट उंच असा स्टेनलेस स्टीलचा पत्रा त्यांनी कापून, कडा दुमडून आणला. भिंतीला तो टेकवला नाही. लोखंडी नळीचे इंच-इंचाचे तुकडे मध्ये घालून लांब स्क्रूने बसवला आणि खालची-वरची फट उघडी ठेवली. सगळी मेख या फटीत आहे. पत्रा फळीला टेकला, तर तापून तीच उष्णता फळीला देतो. मागून हवा खेळती असली, म्हणजे उष्णता तिच्याबरोबर वर निघून जाते. काम एका दुपारचे. खोली सोडायची वेळ आली तर स्क्रू काढून पत्रा सोबत नेता येतो, हेही भाडेकरूच्या सोयीचे.

आपल्याकडे कारवीच्या किंवा तुराट्यांच्या कुडाला हीच युक्ती लागू पडते. नवा पत्रा परवडत नसेल तर पंधरा किलो तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्यावा. तळ आणि झाकण काढून उभा कापला, की सुमारे तीन फूट लांब आणि फूटभराहून थोडा अधिक रुंद पत्रा मिळतो. दोन डबे एकावर एक जोडले की शेगडीपुरते भागते. कडा हातोडीने दुमडाव्यात, नाहीतर बोट कापलेच म्हणून समजा. हा पत्रा ओरखडला की गंजतो, पण दोन-तीन वर्षांनी बदलायला खर्च तो काय!

मातीच्या भिंतीवर सिमेंट थापून फरशा लावण्याचा मोह मात्र आवरावा. माती ओल धरते आणि सोडते. सिमेंट ती ओल अडवते, आणि एखाद्या पावसाळ्यात फरशीसकट पोपडा खाली येतो. तिथे चुनाच बरा. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवावा, गाळावा, त्यात सरस किंवा तांदळाची खळ घालून दोन-तीन पातळ हात द्यावेत. हा चुना हवेतला कार्बन वायू घेऊन पुन्हा दगडासारखा होतो. भिजताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा मुलांना जवळ येऊ देऊ नये.

पक्क्या विटांच्या भिंतीला चकाकीच्या फरशीसारखे दुसरे काही नाही. बारा बाय अठरा इंचाच्या आठ फरशांत चार फूट रुंद, तीन फूट उंच जागा न कापता भरते. दुकानात उरलेल्या सुट्या फरशा मागाव्यात. रंग जुळला नाही तर भाजी बिघडत नाही.

प्लास्टिकचे तक्ते शेगडीमागे नकोत. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते. छपराचे जुने सिमेंटचे पत्रेही कापून लावू नयेत. त्यांत ॲसबेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे कर्करोग होऊ शकतो.

गॅसची रबरी नळी पत्र्यामागून नेऊ नये, डोळ्यांसमोर ठेवावी. स्टील व फरशी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने स्वच्छ निघते. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते. ताई रात्री डबे घासून झाले की पत्र्यावरून एक हात फिरवते. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनीही त्यांच्या शेगडीमागे तसाच पत्रा बसवला, नळीचे तुकडे दाजींनीच कापून दिले.