कळमनुरीची घागर

नांदेडहून एस.टी.त बसलं, की वारंगाफाटा, आखाडा बाळापूर मागे टाकत कळमनुरी येते. हे माझे सासर. यंदा उन्हाळ्यात गेले ती मनाशी ठरवूनच, की माळ्यावरची जुनी पितळी घागर मोडीत द्यायची. उगाच जागा अडवते!

बाजारातल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या घागरींची रंगीत उतरंड होती. पितळेच्या आत, वरच्या फळीवर. नीट पाहिलं तर घडण तीच! तोच आवळ गळा, तेच गोल पोट. मूस बदलली, पण कमरेवर बसणारा आकार कुणाला बदलता आला नाही.

या आकाराचे मोल परक्यांनीही ओळखले होते. भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याला बोलावले होते. नव्या यंत्रयुगात रोजच्या वस्तू कशा घडवाव्यात, हा प्रश्न होता. १९५८ च्या अहवालात त्यांनी उदाहरण घेतले ते आपल्या लोट्याचे. तो कमरेवर, डोक्यावर कसा बसतो, भरलेला नि रिकामा कसा तोलतो, मोडीत त्याचे काय येईल, असे किती प्रश्न त्यांनी मांडले! त्याच अहवालातून १९६१ साली अहमदाबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली.

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, "पितळेची देऊन टाकू का?"

त्या म्हणाल्या, "पाणी भरायला प्लास्टिकचीच बरी गं, कंबर तरी मोडत नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंनी हीच घागर गहाण टाकून ज्वारी आणली होती. प्लास्टिकवर कोण पैसे देतं?"

मी गप्प झाले. घागरीच्या काठावर त्यांच्या सासूबाईंचे नाव कोरलेले होते. शेत, घर सारे पुरुषांच्या नावावर. बाईच्या नावाची मालमत्ता ती एवढीच. नव्या घडणीने बाईच्या कमरेवरचे ओझे उतरवले, हा उपकार खराच. पण अडीनडीची तिची पुंजीही त्याबरोबर गेली, हे कुणाच्या ध्यानी आले नाही.

मैत्रिणींनो, घागर मी मोडीत दिली नाही. चिंचेने लख्ख घासून ठेवली आहे. आणि परतल्यावर पहिले काम केले ते पोस्टात माझ्या स्वतःच्या नावाने खाते उघडण्याचे.