रोबोटांची मारामारी न आवडणाऱ्यांसाठी

आधीच कबूल करून टाकतो, मला अजस्र रोबोटांची मारामारी आवडत नाही. दोन पत्र्याचे डोंगर समोरासमोर उभे राहणार, आत बसलेला पोरगा घसा फाडून हल्ल्याचं नाव ओरडणार, मग छातीतून आग, डोळ्यातून किरण, मागे अर्धं शहर साफ... आणि पुढच्या भागात तेच शहर परत चकाचक! ज्याने मुलुंडमध्ये एका गटाराचं काम तीन पावसाळे चाललेलं बघितलंय त्याला हे पटावं तरी कसं?

तरीही गेल्या काही वर्षांत या प्रकारातलं बरंच काही बघून झालंय. दोष ऑफिसातल्या एका मित्राचा. तो दर शुक्रवारी "हे बघ, हे वेगळं आहे" म्हणून काहीतरी गळ्यात मारायचा. दहातली सात मी अर्ध्यावर सोडली. उरलेली तीन-चार मात्र अशी निघाली की आता मीच लोकांच्या गळ्यात मारत फिरतो. :)

जपानीत या प्रकाराला 'मेका' म्हणतात. आपल्याकडे हे अगदीच नवीन नाही. माझा मोठा आत्तेभाऊ आता पंचेचाळिशीच्या पुढे आहे. त्याच्यासमोर नुसतं 'जायंट रोबोट' म्हणा, लगेच मनगट तोंडाजवळ नेऊन हुकूम सोडेल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका लागायची. मूळ जपानी, १९६७-६८ सालची, मिकादो नाही की मारियो नाही, साधा शाळकरी पोरगा घड्याळात बोलतो आणि रोबोट ऐकतो. शेवटी तो रोबोट पृथ्वीसाठी स्वतःचा बळी देतो. त्या दिवशी अख्खी चाळ रडली म्हणे. आमच्या पिढीला एवढंही नशीब नव्हतं. आम्ही शिनचॅन बघून मोठे झालो, आणि त्यात शिनचॅन ज्याच्यामागे वेडा असतो तो कांताम रोबो ही मुळात 'गंडम'ची टवाळी आहे हे मला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. म्हणजे मूळ गोष्ट माहीत नाही आणि नक्कल पाठ!

रोबोटच्या आत बसून तो चालवायचा ही कल्पना रुळवली गो नागाई या चित्रकथाकाराने, १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये. त्याला ती कशी सुचली हे वाचलं तेव्हा मला हा माणूस एकदम आपला वाटला. रस्त्यावर गाड्यांची गच्च रांग लागलेली, आणि याच्या डोक्यात आलं की यातल्या एका गाडीला हातपाय फुटून ती बाकीच्यांना ओलांडून गेली तर? एलबीएस मार्गावर सोनापूरच्या सिग्नलला संध्याकाळी सात वाजता उभ्या असलेल्या प्रत्येकाला ही कल्पना सुचलेली असते. फरक इतकाच की आपण पुढे काही करत नाही.

मग १९७९ मध्ये योशियुकी तोमिनोने 'गंडम' काढलं. त्यात रोबोट देवबिव नाही, लष्करी सामान आहे. तेल लागतं, सुटे भाग लागतात, मोडतो. लोकांनी तेव्हा पाहिलंच नाही, ५२ भागांची मालिका ४३ वर आटोपती घ्यावी लागली. नंतर पुनःप्रक्षेपणात आणि प्लास्टिकच्या मॉडेलांवर ती उभी राहिली. पण तिथून एक वाट फुटली, आणि माझ्या आवडीचं सगळं त्याच वाटेवर आहे.

त्यात पहिला नंबर निःसंशय 'पॅटलेबर'चा. हेडगिअर नावाच्या पाच जणांच्या चमूने १९८८ मध्ये सुरू केलेली गोष्ट. यात रोबोटांना 'लेबर' म्हणतात आणि ते मुळात बांधकामासाठी आहेत. टोकियोच्या खाडीत भराव टाकायचा प्रचंड प्रकल्प चालू आहे, त्याला यंत्रं लागतात, म्हणून लेबर. म्हणजे काय, तर हातपाय फुटलेला जेसीबी! आता जेसीबी खोदताना दिसला की आपण काय करतो? थांबून बघतो. २०१९ मध्ये त्यावरून देशभर विनोद झाले, पण मला त्यात हसण्यासारखं कधी वाटलं नाही. मीही थांबतो. मेट्रो चारचे गर्डर एलबीएसवर रात्री चढवायचे तेव्हा मी जेवून खास बघायला जायचो.

तर यंत्रं आली की चोर आले, दारुडे आले, अपघात आले. म्हणून पोलिसांकडेही लेबर. आणि हे पोलीस कसे? शहरापासून लांब भरावाच्या ओसाड जमिनीवर यांची चौकी, जेवण मागवायला जवळपास एकच हॉटेल. टीव्ही मालिकेत एक अख्खा भाग त्या हॉटेलातून जेवण आलं नाही एवढ्यावर आहे. रोबोट ट्रेलरवर चढवून न्यायचा आणि तो ट्रेलर ट्रॅफिकमध्ये अडकणार. मोडतोड झाली की वरून झापाझापी. नोआ नावाच्या पोरीने आपल्या लेबरला लहानपणीच्या कुत्र्याचं नाव दिलंय आणि त्याला ओरखडा गेला तरी तिचा जीव कासावीस होतो. साहेब गोतो, पायाच्या चिखल्यांनी हैराण, कायम अर्धवट झोपेत असल्यासारखा, आणि सगळ्यांत हुशार. सरकारी कचेरीत एखादातरी गोतो भेटतोच.

पण मला खरं बोलायचंय ते १९८९ च्या पहिल्या चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक मामोरू ओशी. (पुढे 'घोस्ट इन द शेल' केला तोच.) सुरुवातीलाच एक माणूस समुद्रातल्या एका अवाढव्य बांधकामावरून खाली उडी टाकून जीव देतो, चेहऱ्यावर हसू. तो प्रोग्रामर आहे. शहरातल्या बहुतेक लेबरमध्ये नुकतीच जी नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय ती त्याने लिहिलेली. आणि आता लेबर आपोआप पिसाळायला लागलेत. कारण हळूहळू सापडतं. जोराचा वारा उंच इमारतींमधून वाहिला की कानाला न ऐकू येणारा खर्जातला आवाज होतो, तो आवाज त्या सिस्टिममधली कळ दाबतो. आणि वादळ टोकियोकडे निघालंय.

हा चित्रपट विंडोज ९५ च्याही सहा वर्षं आधीचा आहे हे लक्षात घ्या. १९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळी पडली, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, त्या दिवशी मला दुसरं काही आठवतच नव्हतं. सगळीकडे एकच सिस्टिम, सगळ्यांनी विश्वासाने टाकलेली, आत काय आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट! पोलिसांच्या लेबरमध्येही नवी सिस्टिम आहे म्हणून सगळे हवालदिल असतात. तेव्हा शिगे नावाचा मेकॅनिक चाचरत सांगतो की टाकलीच नाहीये. सुरू करताना पडद्यावर नव्या सिस्टिमचं नाव येईल एवढीच सोय केली होती, आत जुनीच चालू आहे. मी हे पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. आमच्या धंद्यात हा गुन्हा आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता "वरून आलंय, आजच गेलं पाहिजे" म्हणून न तपासलेलं अपडेट मी स्वतः ढकललंय, आणि पुढचे दोन दिवस न झोपता ते निस्तरलंय. तेव्हा आमच्यात एकही शिगे नव्हता. मी तर नव्हतोच. टेस्टिंग अपुरं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही.

बाबांना हा चित्रपट दाखवावा हे मला कधी सुचलं नसतं. बाबा एलबीएसवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, तो बंद पडला, आता तिथे टॉवर आहेत. कार्टून म्हणजे त्यांच्या लेखी लहान पोरांना जेवू घालताना लावायची वस्तू. पण गेल्या पावसाळ्यात आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, आम्ही भाड्याच्या घरात आलो, केबल अजून जोडलेली नव्हती आणि रविवारी दिवसभर धो धो. मी लॅपटॉप टीव्हीला लावला. बाबा पेपर घेऊन बाजूला बसले. पाच मिनिटांत पेपर खाली.

मधे मी इंग्रजी सबटायटलं मराठीत सांगत होतो. साकाकी नावाचा म्हातारा मुख्य मेकॅनिक पोरांवर डाफरायला लागला तसे बाबा म्हणाले, "हा आमचा फोरमन." मग तो प्रसंग आला. दोन गुप्तहेर त्या मेलेल्या प्रोग्रामरचे जुने पत्ते शोधत हिंडतात. तो सारखा घरं बदलायचा, आणि प्रत्येक पत्ता म्हणजे पाडायला काढलेली लाकडी घरं, गवत वाढलेली अंगणं, काळं पाणी, आणि मागे काचेचे टॉवर. जवळपास संवादच नाही. केन्जी कावाईचं संगीत आणि उन्हात चालणारी माणसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा भाग रटाळ वाटला होता, मी मोबाईल बघत होतो चक्क. आता सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून गप्प बसलो. बाबा पुढे सरकून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव जरा."

परत लावलं.

"यांनी त्याला कामावरून काढलं होतं का?" बाबांनी विचारलं. म्हटलं, नाही, उलट हुशार म्हणून ठेवलं होतं. "मग त्याला राग कशाचा?" मला नीट सांगता आलं नाही. चित्रपटही नीट सांगत नाही. बाबा म्हणाले, "अरे, हे बघून येतो राग." आणि आत जाऊन झोपले. कारखाना बंद झाला त्याबद्दल माझ्यासमोर त्यांनी इतकंही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

असो. बाकीची नावं भराभर सांगतो. 'गंडम ०८०८०' असं कुणी म्हणालं तर चुकीचं, ते '००८०, वॉर इन द पॉकेट' आहे, १९८९ चं, फक्त सहा भाग. युद्ध म्हणजे मज्जा असं वाटणारा एक शाळकरी पोरगा, आणि ज्याच्यावरून मालिकेचं नाव तो गंडम जेमतेम दिसतो. शेवट सांगत नाही. रुमाल ठेवा. 'एटी सिक्स' (२०२१) मध्ये एक देश जगाला सांगतो की आमची लढाऊ यंत्रं मानवरहित आहेत, कुणी मरत नाही. आत माणसं असतात, फक्त त्यांना माणसांत मोजत नाहीत. त्यांना हुकूम देणारी मुलगी दूर सुरक्षित शहरात बसून कानात आवाज ऐकते. रात्रीच्या शिफ्टला हेडसेट लावून बसणाऱ्यांनी जरूर बघा, अंगावर येतं. डोकं शांत हवं असेल तर 'गार्गांशिया' (२०१३), तेरा भाग. अंतराळातल्या युद्धात वाढलेला एक सैनिक जहाजांच्या तरंगत्या वस्तीत येऊन पडतो आणि त्याला मोठा प्रश्न पडतो की इथे लढाई नाही, तर मी कामाला काय करू? मधले भाग जरा पातळ आहेत, चालवून घ्या.

'इव्हान्जेलियन' (१९९५) मुद्दाम शेवटी. सगळे तेच आधी बघायला सांगतात. मोठी कलाकृती आहे, वाद नाही, पण नवख्या माणसाला तिथून सुरुवात करून देणं म्हणजे पोहायला शिकवताना थेट भरतीत ढकलणं. आणि 'पॅटलेबर'चा दुसरा चित्रपट (१९९३) पहिल्यापेक्षा भारी आहे असं माझा मित्र म्हणतो. त्यात रोबोट जवळजवळ नाहीतच, आणि टोकियोच्या रस्त्यांवर लष्कर उभं राहतं. असेलही भारी. माझं मत पहिल्यालाच.

त्या रविवारनंतर तीन दिवसांनी आमची बिल्डिंग पाडायला घेतली. बाबा म्हणाले, चल. पत्र्याच्या कुंपणाबाहेर आमच्यासारखे वीसेक जण उभे होते, अर्धे जुने शेजारी, अर्धे नुसतेच बघे. पोकलेन तिसऱ्या मजल्यापर्यंत हात पोचवून आमच्या स्वयंपाकघराची भिंत उचकत होता. निळा ऑईलपेंट ओळखू आला. आईला आणलं नाही ते बरं झालं असं मला वाटलं. बाबा मात्र भिंतीकडे बघतच नव्हते, ते पोकलेनच्या हाताकडे बघत होते. "सिलिंडर गळतोय," म्हणाले. "तो बघ, खालच्या बाजूला ओला. पण पोरगा चालवतोय चांगलं. कॉलम सोडून आधी भिंत घेतोय."

थोड्या वेळाने मशीन थांबलं आणि ऑपरेटर चहाला खाली उतरला. विशीतला असेल, हडकुळा, अंगात क्रिकेटच्या टीमचा टीशर्ट. बाबा कुंपणाजवळ गेले.

"कुठला रे तू?"

"जालना, काका."

"सील गेलंय तुझं, बूमच्या सिलिंडरचं."

"माहितीय काका. सांगितलंय. म्हणाले, ही बिल्डिंग होऊ दे."

बाबा हसले. त्याला म्हणाले, चहा इथला पिऊ नकोस, पुढच्या नाक्यावरचा चांगला असतो, आणि त्याला नाका दाखवायला त्याच्याबरोबर निघाले.