नदीकाठची मोटर वर काढताना

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील उसाला दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांचे पाणी मिळते. परंतु हे पाणी शेतापर्यंत चढवणारी यंत्रणा किती वर्षे टिकेल, हे ती पावसाळ्यापूर्वी कशी काढून ठेवली जाते यावरच बव्हंशी ठरते. थंड देशांत गाडीतच घर थाटून फिरणारी कुटुंबे हिवाळ्यापूर्वी तिच्या टाकीतले व नळ्यांतले पाणी काढून टाकतात, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढून नळ्या फुटतात. कागलला हिमाचे भय नाही. येथे भय असते ते पुराचे आणि त्याबरोबर येणाऱ्या गाळाचे.

मोटर मुळात पाण्याजवळ ठेवावी लागते, याला भौतिक कारण आहे. पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधारे, आणि ही ओढ व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे जात नाही. म्हणून उन्हाळ्यात नदी खाली गेली की मोटरही दरड उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे खांबांच्या खाचांत बसवून पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले जातात आणि मोटर वर घेण्याचा प्रश्न उभा राहतो. लवकर काढावी तर मृग कोरडा गेल्यास ऊस वाळतो, उशीर करावा तर धरणक्षेत्रातल्या एका रात्रीच्या पावसाने काठ बुडतो. या पेचात शेतकरी मोटर मधल्या टप्प्यावर आणून वाट पाहतो, आणि तो निर्णय बाहेरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक विचाराचा असतो.

प्रस्तुत लेखकाने दूधगंगाकाठी हे काम जवळून पाहिले आहे व त्यात हातही लावला आहे. प्रथम वीज तोडून फ्यूज काढून घ्यायचे, ही पायरी कोणत्याही घाईत वगळता कामा नये, कारण ओल्या दरडीवर, अंधारात, चढत्या पाण्यात काम करताना माणसे विजेच्या धक्क्याने जिवाला मुकतात. त्यानंतर सक्शन पाइपचे नटबोल्ट सोडवून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातले पाणी मागे जाऊ न देणारी तळाची झडप, जाळीसह धुवायचा. पंपाच्या तळाचा प्लग काढून आतले पाणी गाळासह निघू द्यायचे आणि उघडी तोंडे पोत्याने बांधायची. स्टार्टरची पेटी मात्र थेट घरीच न्यावी.

2019 च्या ऑगस्टमधील आणि 2021 च्या जुलैमधील महापुरांत जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक मोटरी पाण्याखाली गेल्या. बुडालेली मोटर हमखास जळतेच असे नाही. वाइंडिंगमध्ये ओल असताना ती चालू करून पाहण्याचा मोह तिला जाळतो. ती उघडून, गोड्या पाण्याने गाळ धुऊन, पुरती वाळवून, मेगर या उपकरणाने विद्युतरोधन तपासल्यावरच तिला वीज द्यावी, आणि या तपासणीचा खर्च पुन्हा वाइंडिंग भरण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो.

पावसाळा सरून बरगे पुन्हा बसले की मोटर खाली नेली जाते. तेव्हा बटण दाबण्याआधी तिचा दांडा हाताने फिरवून पाहावा, आणि तो अडला तर पंप आधी खोलावा.