बंद दाराच्या अलीकडे

स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाचं दुखणं घरात कळतं ते बहुधा उशिरा आणि भलत्याच नावाने. 'वय आहे', 'डोकं फिरलंय', 'आधी मोबाइल काढून घ्या' यातच महिने जातात. अंधेरीत ऐन मे महिन्यात, अंगाला शर्ट चिकटत असताना पोरगा पूर्ण बाह्या खाली ओढत राहतो, आणि बघणाऱ्याला ती फॅशन वाटते.

अशी इजा म्हणजे प्रत्येक वेळी मरायची इच्छा नसते. न सोसणारी भावना घटकाभर हटावी किंवा बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवावं, म्हणूनही ती केली जाते. पण तिच्यामुळे पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, त्यामुळे 'नाटकं' हा शब्द घरात उच्चारूच नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

यामागे नेहमी नाही, पण अनेकदा एखादा आघात असतो: अपघात, घरातली मारहाण, शाळेतला छळ, लैंगिक अत्याचार. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या बालअत्याचारविषयक अभ्यासात लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घरं मात्र अजून करतात.

अशा आघातावरच्या उपचाराचा, म्हणजे ट्रॉमा थेरपीचा, क्रम साधारण ठरलेला असतो. आधी सुरक्षितता, मग भावना आवरायची कौशल्यं, आणि त्यानंतर आठवणीला हात. आईवडिलांना नेमकं उलटं हवं असतं: एकदा काय ते सांगून टाकू दे, म्हणजे मोकळा होईल. तयारीआधी उकरलेली आठवण मोकळं करत नाही, पुन्हा जखमी करते. मार्शा लिनेहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी वर्तनोपचाराची एक पद्धत घडवली. तरुणपणी आपणही त्यातून गेलो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्या पद्धतीचं किशोरांसाठीचं रूप मुलाबरोबर आईवडिलांनाही शिकायला बसवतं. ते योग्यच आहे, कारण सेशन तासाभराचं. बाकीचा आठवडा घरात काढायचा असतो.

आणि घर म्हणजे बहुतेकदा वन बीएचके. आजी हॉलमध्ये, बहिणीचा अभ्यास किचनच्या ओट्याशी, आणि बेडरूमचं दार लोटलं की बाहेरून तीन हाका. अशा घरात एकांत ही सगळ्यात महाग वस्तू. दार किती वेळ बंद राहील आणि किती वेळाने टकटक करायची, हे मुलाशी आणि थेरपिस्टशी बोलून ठरवावं लागतं. औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात जातात, त्याही त्याला सांगून. चोरून झडती घेतली की विश्वास संपतो. सेशनच्या संध्याकाळी क्लास ठेवू नये. रिक्षात 'काय विचारलं त्यांनी?' हा प्रश्न गिळावा. सिग्नलवर अडकलेल्या रिक्षात वडील नुसते शेजारी बसले, 'वडापाव घेऊ या?' एवढंच म्हणाले, तरी पुष्कळ झालं. मुलगा आत काय बोलतो ते आतच राहतं. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने कळवणं भाग असेल, तेवढाच अपवाद.

पुन्हा इजा होते. चार महिने बरे गेल्यावरही होते. तेव्हा आधी जखमेकडे बघायचं, मग थेरपिस्टला कळवायचं. 'एवढं करून शेवटी हेच?' हे वाक्य कितीही जिभेवर आलं तरी नाही. आईने स्वतःसाठी समुपदेशक गाठला तर ती चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे. नातेवाइकांना किती सांगायचं, हे मुलाला विचारून ठरवावं.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानतो. खाजगी फी झेपत नसेल तर अंधेरीकरांना जुहूचं महापालिकेचं कूपर रुग्णालय जवळ आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. जखम मोठी असेल किंवा जिवाची भीती वाटत असेल, तर वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतही. तो मुलासाठी आहे, तसाच दाराबाहेर जागणाऱ्या आईवडिलांसाठीही.